चौदा जूनचा ठराव

आमदार हॅवरकँप यांच्या कचेरीतून दरवर्षीप्रमाणे फोन आला तेव्हा लेइडा पार्तेल स्वयंपाकघरात आपला पट्ट्यापट्ट्यांचा लोकरी झगा इस्त्री करत होती. टेबलाच्या पलीकडे तिची धाकटी बहीण वाइके बटाटे सोलत बसली होती. फोनची घंटा वाजल्याबरोबर वाइकेचा हात थांबला. इथे येऊन तिला दोन आठवडे झाले होते, तरी फोन वाजला की ती अशीच दचकायची.

"हो, ठराव दुपारीच ना? हो, भाषण मीच करीन," लेइडा इंग्रजीत म्हणाली. मग पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "माणसं? येतील की. पाच-सहा तरी येतील."

फोन ठेवून ती पुन्हा इस्त्रीकडे वळली. पाच-सहा कुठून येणार होते ते तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. एकेकाळी या गावात एस्टोनियन माणसांची साठेक घरं होती. फर्निचरच्या कारखान्यात कामाला लागलेली, युद्धानंतर निर्वासितांच्या छावण्यांमधून आलेली. चौदा जूनला बस भरून सगळे राजधानीला जायचे. बायका आपापल्या परगण्याचे झगे घालायच्या, छातीवर चांदीचे मोठाले बिल्ले लावायच्या, आणि विधानभवनाच्या गॅलरीत निळा-काळा-पांढरा झेंडा धरून उभ्या राहायच्या. खाली सभागृहात ठराव वाचला जायचा, की एस्टोनिया, लॅटव्हिया आणि लिथुएनिया या देशांवरचा सोव्हिएत कब्जा आमचं राज्य मान्य करत नाही, ते देश स्वतंत्रच आहेत असं आम्ही समजतो, आणि एक्केचाळीस साली याच तारखेला रात्रीतून घराघरांतून उचलून नेलेल्या त्यांच्या माणसांची आज आम्ही आठवण काढतो. बायका तिथेच रडायच्या. परतताना बसमध्ये गाणी व्हायची.

मग मुलं मोठी होऊन दूर गेली. म्हातारे कुणी मुलांकडे, कुणी वृद्धाश्रमात, कुणी चर्चमागच्या दफनभूमीत गेले. लेइडाचा नवरा ओट्टो चार वर्षांपूर्वी गेला. मुलगी कॅलिफोर्नियात होती, नाताळला कार्ड पाठवायची. राजधानीला जाणारी बस बंद झाली आणि लेइडा आपल्या गाडीने जाऊ लागली. आधी गाडीत चौघं असायचे, मग दोघं. गेल्या वर्षी ती एकटीच गेली होती.

म्हणून यंदा वाइके येणार असं कळलं, तेही जूनमध्ये, तेव्हा लेइडाला वाटलं होतं की देवानंच तारीख बघून दिली.

एकोणचाळीस वर्षांनी बहिणी भेटल्या होत्या. विमानतळावर दोघींनी एकमेकींना ओळखलं ते केवळ आईच्या नाकामुळे. लेइडा निघाली तेव्हा वाइके सोळा वर्षांची होती. चव्वेचाळीसच्या सप्टेंबरात रशियन फौजा पुन्हा आत घुसल्या, किनाऱ्यावर जी मिळेल त्या होडीत माणसं चढली, आणि लेइडा ओट्टोबरोबर स्वीडनच्या दिशेनं निघून गेली. आई शेत सोडायला तयार नव्हती. वाइके आईला सोडायला तयार नव्हती. पुढे एकोणपन्नास साली त्या दोघींना सैबेरियाला नेलं. वाइके सत्तावन्न साली परत आली. मग पत्रं सुरू झाली, पण ती कुणीतरी आधी फोडून वाचायचं, त्यामुळे त्यात हवापाणी आणि काकड्यांच्या लोणच्यापलीकडे काही नसायचं.

आता समोरासमोर बसूनही पत्रातल्यासारखंच चाललं होतं. वाइके सकाळी लवकर उठून लेइडाच्या बागेतलं तण काढायची. दुकानातला पाव तिला कापसासारखा लागायचा, म्हणून लेइडानं राईचा काळा पाव भाजायला घेतला. संध्याकाळी दोघी कॉफी घेत बसायच्या आणि मध्येच बोलणं संपायचं. लेइडाची भाषा ऐकून वाइकेला हसू यायचं.

"अगं, किती जुनं बोलतेस तू! आपल्या गावच्या पाद्रीबाबांसारखं. असं आता कुणी बोलत नाही."

"मग कसं बोलतात?"

"माझ्यासारखं."

लेइडा हसली होती, पण रात्रभर तिला ते लागून राहिलं. जी भाषा तिनं इतकी वर्षं जपून ठेवली, ती तिकडे पुढे निघून गेली होती.

आज इस्त्री झाल्यावर तिनं झगा खुर्चीच्या पाठीवर नीट टाकला आणि विषय काढला.

"वाइके, उद्या तूही चल ना माझ्याबरोबर."

"नाही."

"तुला काही बोलायचं नाही. नुसतं माझ्या शेजारी उभं राहायचं."

"लेइडा, निघायच्या आधी मला एका कचेरीत बोलावलं होतं. एक गृहस्थ होते, अगदी सभ्य. चहा दिला. म्हणाले, बहिणीला भेटा, मजा करा, फक्त तिकडच्या आपल्या लोकांच्या सभांना जाऊ नका, फोटोत येऊ नका. आणि मग त्यांनी मार्टचं कसं चाललंय ते विचारलं." मार्ट हा वाइकेचा मुलगा, तिकडे इंजिनियरिंग शिकवायचा. "त्यांना त्याच्या बायकोचंही नाव पाठ होतं."

"इथे कोण बघणार आहे तुला?"

"ते तुला नाही कळायचं."

लेइडाच्या मनात आलं, हिला नुसतं ऐकवून तर बघू, काय बोलते मी ते. ऐकलं की येईल. तिनं कपाटातून भाषणाचा कागद काढला. भाषण इंग्रजीत होतं. ती एकेक वाक्य एस्टोनियनमध्ये उलगडून सांगू लागली. वाइके खाली मान घालून बटाटे सोलत होती.

"...माझ्या आईला आणि बहिणीला गुरांच्या डब्यात कोंबलं. खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. पाणी नाही. तिसऱ्या रात्री माझ्या आईनं डब्यातच प्राण सोडला. शेवटचा शब्द होता माझं नाव. तिचं प्रेत रुळांच्या कडेला..."

वाइकेनं सुरी खाली ठेवली.

"हे कुणी सांगितलं तुला?"

"टोरांटोहून मादिसबाईंनी लिहिलं होतं. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं." लेइडाचा आवाज लहान झाला. "का? तू तर लिहिलं होतंस, आई विसावली म्हणून. बाकी काही लिहिलंच नाहीस."

"लिहिणार कशी? कुणाच्या हातात पडेल म्हणून लिहिणार?" वाइकेनं हात ॲप्रनला पुसले. "आई डब्यात मेली नाही, लेइडा. आई चार वर्षं जगली."

लेइडानं भाषणाचा कागद टेबलावर ठेवला.

"बागेत चल," वाइके म्हणाली. घरात ती आधीच फार बोलून गेली होती. भिंतींना कान असण्याची सवय.

बागेत कांद्यांच्या वाफ्याशी उभं राहून तिनं सांगितलं. तिथल्या गावात पोचल्यावर आईला पहिल्या दिवशी एका झोपडीचा कोपरा मिळाला. घरमालकीण रशियन बाई, तिचा नवरा युद्धात गेलेला. आईला रशियन येत नव्हतं आणि त्या बाईला दुसरं काही येत नव्हतं. तरी महिन्याभरात दोघी भांडायलाही लागल्या होत्या, इतकी मैत्री झाली. आईनं बटाट्याची सालं फेकू दिली नाहीत. ज्या सालाला कोंब फुटायचा डोळा असेल ते साल ती जपून ठेवायची आणि वसंतात जमिनीत लावायची. अख्खा गाव हसला तिला. शरदात तिनं पोतं भरून बटाटे काढले तेव्हा तोच गाव साल मागायला दारात आला. आपल्या गावच्या नक्षीचे हातमोजे ती विणायची. तिथल्या पोरी अजूनही तेच विणत असतील.

"आणि हसायची ती, लेइडा. तिथला कोंबडा भलत्याच वेळी आरवायचा. आई म्हणायची, याचं घड्याळ मॉस्कोचं आहे."

लेइडाच्या तोंडून हसू आणि हुंदका एकदमच बाहेर पडला.

"चौथ्या हिवाळ्यात छातीत थंडी भरली. आठवड्यात गेली. जमीन दगडासारखी झाली होती. वर लाकडं पेटवली, जमीन मऊ केली आणि मग मी, घरमालकीण आणि एक शेजारीण, आम्ही तिघींनी खड्डा खणला. कुठं काय रुळांच्या कडेला! नीट पुरलंय मी तिला."

"आणि मी? माझं काही म्हणाली?"

वाइकेनं कांद्याची एक पिवळी पात खुडली.

"तू बुडाली होतीस."

"काय?"

"तुमच्यामागे रशियन चौकशीला आले ना, थोरली कुठाय म्हणून. पळून गेली म्हटलं असतं तर आमचं काही खरं नव्हतं. आई म्हणाली, बुडाली. त्या आठवड्यात कितीतरी होड्या बुडाल्या होत्या, त्यांना पटलं. मग सगळ्यांनाच तसं सांगावं लागलं. शेजारी, चर्चमध्ये, तिकडे सैबेरियात. चर्चमध्ये तुझ्या नावानं प्रार्थनासुद्धा झाली. इतक्या वर्षांत तुझी काही खबर नाही, आणि रोज तेच बोलायचं... शेवटी शेवटी तिला स्वतःलाच खरं वाटायला लागलं होतं. तुझं नाव काढलं की समुद्राला शिव्या द्यायची."

लेइडा खाली वाफ्याच्या कडेलाच बसली. तिला एवढंच सुचलं, "इतकी वर्षं मी तिथे उभी राहून तिची गोष्ट सांगते आहे."

"नुसती तिची नव्हे. माझीही." वाइकेचा आवाज आता चढला होता. "तो डबा माझा आहे, लेइडा. त्यात तू नव्हतीस. मला एकदा विचारायचंस तरी."

"कसं विचारणार होते?"

"ते मला माहीत नाही," वाइके म्हणाली, आणि आत गेली.



दुसऱ्या दिवशी सकाळी लेइडा झगा घालून, बिल्ला लावून, गाडीची किल्ली घेऊन निघाली तर वाइके कोट चढवून दाराशी उभी.

"मी आत येणार नाही," ती म्हणाली. "पण घरात एकटी फोनबरोबर बसणार नाही मी."

विधानभवनासमोर, रस्त्याच्या पलीकडे छोटी बाग होती. वाइके तिथल्या एका बाकावर जाऊन बसली, पर्स मांडीवर घट्ट धरून, इमारतीकडे पाठ करून.

गॅलरीत विलिस झेमगाल आधीच येऊन बसले होते. हे लॅटव्हियन गृहस्थ ऐंशीला टेकलेले, कानाला कमी ऐकू येणारे, दरवर्षी त्याच तपकिरी सूटमध्ये.

"आम्ही दोघंच का हो, पार्तेलबाई?" ते मोठ्यानं म्हणाले. खालच्या दोन आमदारांनी वर पाहिलं.

"दोघंच," ती म्हणाली.

"लिथुएनियाचं काय?"

"त्यांच्या फादरना बरं नाही म्हणे."

"म्हणजे तिसरा देश आपणच वाटून घ्यायचा," विलिस म्हणाले आणि स्वतःच खूष झाले.

खाली एका पुलाच्या दुरुस्तीवर चर्चा चालली होती. ती संपल्यावर आमदार हॅवरकँप उठले. जाडजूड, लालबुंद चेहऱ्याचा, चांगला माणूस. त्यांच्या मतदारसंघात आता बाल्टिक मतं उरली नव्हती, तरी ठराव त्यांनी सोडला नव्हता. ते वाचू लागले तेव्हा अर्ध्याअधिक खुर्च्या रिकाम्या होत्या. कुणी सँडविच खात होता, कुणी पेपर वाचत होता. एस्टोनियाचा उच्चार दरवर्षीप्रमाणे चुकला. "गॅलरीतल्या पाहुण्यांनी कृपया उभं राहावं," असं त्यांनी म्हटलं. लेइडा उभी राहिली. विलिसना ऐकू आलं नव्हतं, तिनं त्यांना कोपरानं ढोसलं. थोड्या टाळ्या पडल्या. विरोधात कुणी नव्हतं. ठराव मंजूर झाला आणि सभागृह पुलाकडे परत गेलं.

मग घुमटाखालच्या दालनात तो छोटा समारंभ. माईक, हॅवरकँप, त्यांची सेक्रेटरी, स्थानिक वर्तमानपत्राची एक तरुण बाई, विलिस, आणि शाळेची सहल घेऊन आलेले पण भलत्याच ठिकाणी शिरलेले एक मास्तर. लेइडा कागद घेऊन उभी राहिली. पहिली वाक्यं नीट वाचली. मग ती डब्यापाशी आली. फळ्या ठोकलेल्या खिडक्या. तिसरी रात्र.

ती थांबली. सगळ्यांना वाटलं दरवर्षीसारखं तिला भरून आलंय. हॅवरकँपनी मान खाली घातली. दरवर्षी याच ठिकाणी ते मान खाली घालायचे.

लेइडानं कागदाची घडी केली. "आमच्या माणसांना विसरू नका," ती म्हणाली, "एवढंच." आणि माईकपासून बाजूला झाली.

वर्तमानपत्रवाली बाई तिच्यामागे आली. "मिसेस पार्तेल, तुमच्या आईची ती गोष्ट? गेल्या वर्षी आम्ही छापली होती. आज सांगितली नाहीत."

"ती मला अजून नीट ठाऊक नाही," लेइडा म्हणाली.

बागेत वाइकेनं बूट काढून ठेवले होते आणि ती गवतावर पाय टेकून बसली होती. बहिणीला येताना पाहून तिनं घाईघाईनं बूट चढवले.

"झालं?"

"झालं."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, रशियाचा कब्जा ते मानत नाहीत. त्यांच्या मते आपला देश स्वतंत्रच आहे. कागदोपत्री कधी संपलाच नाही."

"असं? मग आम्ही राहतो कुठे म्हणे?"

दोघी गाडीकडे निघाल्या. आत बसल्यावर वाइकेनं आपल्या बाजूची काच वर केली, लेइडाची काचही वर आहे ना ते पाहिलं, आणि म्हणाली, "पुन्हा सांग. ते कसं म्हणाले तसं, शब्दाला शब्द."

लेइडानं ठरावाची प्रत काढली. राज्याचा सोनेरी शिक्का, खाली सह्या. इंग्रजी वाचत, मग आपल्या पाद्रीबाबांच्या जुन्या भाषेत फिरवत तिनं अख्खा ठराव ऐकवला. देशाचं नाव आलं तेव्हा वाइकेचे ओठ हलले. तिकडे या वाक्यांसाठी माणसं तुरुंगात जात होती, आणि इथे ती सँडविच खाता खाता मंजूर झाली होती.

"ऐकायला चांगलं वाटतं," वाइके म्हणाली. "आईला आवडलं असतं. तिनं विचारलं असतं, रणगाडे कधी पाठवताय?"

"पाठवणार नाहीत."

"ते मलाही कळतं गं."

त्यानंतरचे दिवस बरे गेले. वाइके बागेत कामाला लागली की लेइडा शेजारी जाऊन बसायची आणि वाइके आईबद्दल थोडंथोडं सांगायची, कधी दोनच वाक्यं. घरमालकिणीच्या शेळीचं नाव. आईनं रशियनमध्ये शिकलेला पहिला शब्द, जो चारचौघांत बोलण्यासारखा नव्हता. लेइडानं काही लिहून घेतलं नाही. वाइकेनं तसं बजावलंच होतं.

जूनच्या शेवटी विमानतळावर निरोप घेताना दोघींना रडू आलं नाही. वाइकेनं बहिणीच्या कोटाची कॉलर नीट केली.

"पुढच्या वर्षीही जा तू तिथे," ती म्हणाली. "कुणीतरी उभं राहायला हवं. आम्हाला तर राहता येत नाही. फक्त आईला डब्यात मारू नकोस."

"आणि तुझं?"

"माझं नाव काढायचं नाही. मी नव्हतेच म्हण."

"म्हणजे आता तू बुडालीस," लेइडा म्हणाली.

वाइके हसली. तेच आईचं नाक. मग ती दाराआड गेली आणि तिनं मागे वळून पाहिलं नाही, कारण रांगेत तिच्या मागे कोण उभं होतं ते तिला ठाऊक नव्हतं.

हिवाळ्यात दोन पत्रं आली. काकड्या चांगल्या झाल्या होत्या. मार्टची बढती मात्र झाली नव्हती. कारण लिहिलेलं नव्हतं. ते एक वाक्य लेइडानं कितीदा वाचलं असेल. आपण कुणाला काही बोललो का, त्या वर्तमानपत्रवाल्या बाईनं काही छापलं का, हे ती आठवत राहिली. छापून काहीच आलं नव्हतं. त्या वर्षी पुलाची बातमी मोठी होती. तरीही तिला कळेना, की यंदा ठरावाला जावं की जाऊ नये.

जूनमध्ये कचेरीतून फोन आला. "किती जण येतील?" सेक्रेटरीनं विचारलं.

"एक," लेइडा म्हणाली.

विलिस झेमगाल वसंतातच वारले होते. गॅलरीत ती एकटी उभी राहिली, आणि खाली घुमटाच्या दालनात माईकसमोर एकटी गेली. कागद नेला नव्हता. तिनं सांगितलं की तिच्या आईला गुरांच्या डब्यातून नेलं आणि ती पोचली. बटाट्याच्या डोळ्यांचं सांगितलं. कोंबड्याचं सांगितलं. त्यावर कुणी हसलं नाही, कारण अशा समारंभात हसायचं असतं हे कुणाला माहीत नव्हतं. आई चौथ्या हिवाळ्यात गेली, लोकांनी आग पेटवून जमीन मऊ केली आणि तिला नीट पुरलं. तिला एक मुलगी होती, ती समुद्रात बुडाली असं आई मरेपर्यंत समजत होती.

टाळ्या पडल्या. नेहमीइतक्याच पडल्या.

हॅवरकँपनी पुढे येऊन तिचा हात दोन्ही हातांत घेतला. त्यांचे डोळे खरोखरच ओले होते. "दरवर्षी ऐकतो, मिसेस पार्तेल," ते म्हणाले, "आणि दरवर्षी तितकीच काळजाला भिडते ही गोष्ट."

लेइडानं त्यांच्याकडे निरखून पाहिलं. आई या वर्षी चार वर्षं जास्त जगली होती आणि त्यांच्या ते ध्यानातही आलं नव्हतं. सांगावं असं तिच्या ओठांवर आलं. पण त्यांना पुढच्या बैठकीला जायचं होतं, सेक्रेटरी घड्याळ बघत होती.

"आभारी आहे," ती म्हणाली. ठरावाची प्रत काखेत धरून ती संगमरवरी पायऱ्या उतरू लागली. लोकरीचा झगा जूनच्या उन्हात फार गरम होत होता, आणि पायऱ्या चढून येणारी माणसं तिच्या छातीवरच्या चांदीच्या बिल्ल्याकडे बघत बाजूनं निघून जात होती.